बी फॉर भाऊ!

दोस्ता, घरात इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे का? नसला तर शाळेच्या वाचनालयातून आण. आणि त्यातलं बी हे अक्षर काढ. तेच ते, एक उभी काठी आणि तिला उजवीकडे फुगलेली दोन पोटं!

काढलंस? आता पानांवरून बोट फिरव. बनाना, बँगल, बाइंड... अजून खाली ये. बिस्किट, ब्रिंजल, ब्रदर, बस. कसे शहाण्यासारखे रांगेत उभे आहेत बघ!

वाटतं ना, की हे सगळे एकाच गावचे असणार? इंग्लंडमध्ये जन्मले, तिथेच वाढले?

छे, छे! भुसावळ जंक्शनचा फलाट आठव. बाकावर शेजारी शेजारी माणसं बसलेली असतात. एक सुरतेहून आलेला, एक नागपूरचा, एक मुंबईला निघालेला. शेजारी बसले म्हणून ते काही एका घरचे होत नाहीत. शब्दकोशातलं पानसुद्धा असंच असतं. ही मंडळी कुठून कुठून आली आहेत हे ऐकलंस ना, तर डोळे विस्फारशील!

आणि खरी गंमत पुढेच आहे. या परक्या गर्दीत आपले काही नातेवाईक लपले आहेत. अगदी रक्ताचे नातेवाईक! ते कोण, हे मी लगेच सांगणार नाही. आधी वांग्याकडे जाऊ.

हो, वांग्याकडेच! जळगावच्या माणसाला वांग्याशिवाय दुसरं काय सुचणार? यावल तालुक्यातल्या बामणोदची ती हिरवी, लांबट, गुबगुबीत वांगी. थंडी पडली की शेतात काड्या पेटतात, वांगी भाजली जातात, ठेचली जातात, वर हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात... थांब, मलाच भूक लागली! जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. म्हणजे सरकारी कागदावर शिक्का बसलाय, की हे वांगं खास इथलंच.

इंग्रजीच्या पुस्तकात या वांग्याला म्हणतात ब्रिंजल. आता सांग बघू, वांगं आणि ब्रिंजल यांचा एकमेकांशी काही संबंध असेल? एकात व, दुसऱ्यात ब. एक छोटंसं, दुसरं तोंड वाकडं करून म्हणावं लागणारं. नसेलच, हो ना?

आहे! ही दोन्ही नावं एकाच जुन्या शब्दाची लेकरं आहेत!

त्या जुन्या संस्कृत शब्दाचं नाव वातिंगण. हा वातिंगण आपल्याकडे राहिला, झिजत झिजत गेला आणि वांगं झाला. पण वांग्याची रोपं आणि बिया व्यापाऱ्यांबरोबर इराणलाही गेल्या. भाजी गेली की नाव सोबत जातंच! इराणी लोक त्याला बादिंगान म्हणू लागले. तिथून ते अरबांकडे गेलं. अरबांनी पुढे त्यांचा लाडका अल लावला. झालं अल-बादिंजान! अरबांनी ते स्पेन-पोर्तुगालपर्यंत नेलं. पोर्तुगीज म्हणाले, बेरिंजेला.

मग काय झालं असेल? १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतलं. आणि त्यांच्या जिभेवर बसून आपलं वांग्याचं नाव समुद्रमार्गे परत भारतात आलं! इथल्या इंग्रजांनी ते ऐकलं आणि त्याचं ब्रिंजल केलं.

बघ कसं झालं ते! एक शब्द घरीच बसला, एक जगप्रवास करून आला. दोघं पुन्हा बाजारात भेटले तेव्हा एकमेकांना ओळखेनात!

आणखी ऐक. ब्रिटनमध्ये वांग्याला ब्रिंजल म्हणत नाहीत, ऑबर्जीन म्हणतात. हा ऑबर्जीन कोण? तोसुद्धा तोच अल-बादिंजान! फक्त स्पेन आणि फ्रान्सच्या वाटेनं गेलेला. म्हणजे वांगं, ब्रिंजल, ऑबर्जीन ही तिन्ही सख्खी-चुलत भावंडं. अमेरिकेतला एगप्लँट मात्र यांच्यातला नाही. पांढरी, अंड्याएवढी वांगी बघून कुणीतरी ते नाव ठेवलं.

आता बनाना. याच्याशिवाय जळगावचं पान हलत नाही. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर, जिकडे बघावं तिकडे केळी. केळीवाल्यांची भाषा तर ऐकत राहावी अशी! जूनच्या सुमाराला लावली की मृगबाग, ऑक्टोबरच्या सुमाराला लावली की कांदेबाग. एकदा घड काढल्यावर त्याच बुंध्यापाशी पिल्लू वाढवलं की पिलबाग. जळगावच्या केळ्यालाही २०१६ मध्येच मानांकन मिळालं.

हा बनाना शब्द कुठला, ओळख! इंग्लंडचा? तिथल्या थंडीत केळी कुठून येणार! भारताचा? नाही, आपण तर केळं म्हणतो, आणि ते संस्कृतातल्या कदलीवरून आलं. बनाना आला पश्चिम आफ्रिकेतून! तिथल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज खलाशांनी हे फळ खाल्लं, स्थानिक लोकांकडून नाव ऐकलं आणि ते युरोपात नेलं. म्हणजे आफ्रिकेतल्या बाजारातली हाक आज तुझ्या इंग्रजीच्या पुस्तकात आहे!

जाता जाता एक कोडं. बनाना, ब्रिंजल आणि स्ट्रॉबेरी या तिघांतलं कोण बेरी आहे? आणि कोण नाही?

स्ट्रॉबेरी बेरी नाही! आणि केळं आणि वांगं मात्र बेरी आहेत! वनस्पतीशास्त्रात बेरी म्हणजे फुलाच्या एकाच बीजकोशापासून तयार झालेलं, आत गर असलेलं आणि कठीण कोय नसलेलं फळ. त्या नियमात केळं बसतं, वांगं बसतं, टोमॅटोही बसतो. स्ट्रॉबेरी बसत नाही. नावातच बेरी असून!

बरं, शाळेत कशानं जातोस? सायकलनं? बसनं?

बस या शब्दाची कथा मला फार आवडते. कारण बस हा पूर्ण शब्दच नाही. ते आहे एका शब्दाचं शेपूट!

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये घोड्यांच्या मोठ्या गाड्या निघाल्या. तोपर्यंत स्वतःची बग्गी फक्त श्रीमंतांकडे. या नव्या गाडीत मात्र पैसे देऊन कुणीही बसावं. म्हणून तिला लॅटिन भाषेतलं नाव दिलं ओम्निबस, म्हणजे सर्वांसाठी. १८२९ मध्ये लंडनच्या रस्त्यावर अशी ओम्निबस धावली. तिला तीन घोडे जोडलेले होते!

पण एवढं लांबलचक नाव रोज कोण घेणार? लोकांनी पुढचा भाग टाकून दिला आणि फक्त बस ठेवला. आता गंमत बघ. ओम्निबसमध्ये सर्व हा अर्थ आहे तो ओम्नि या भागात. बस म्हणजे नुसता प्रत्यय, आपल्या साठीसारखा! लोकांनी अर्थ फेकला आणि शेपूट जपलं. मराठीत असं झालं असतं तर तू घरी म्हणाला असतास, मी आज साठीनं शाळेत गेलो! आणि १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर जी पहिली एसटी धावली, तिला आपण म्हटलं असतं पहिली साठी!

तू हसतोयस, पण इंग्रज मुलं रोज हेच करतात. आपणही करतो. आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही!

बसस्टँडवर उतरलास की काय घेतोस? बिस्किटाचा पुडा! चल, तोही उघडून बघू.

बिस्किट हा शब्द मधोमध मोड. कट्! एक तुकडा बिस, दुसरा किट. बिस म्हणजे लॅटिनमध्ये दोनदा. किट म्हणजे कोक्तुस, भाजलेलं. बिस्किट म्हणजे दोनदा भाजलेलं!

दोनदा कशाला? जुन्या काळी खलाशी महिनोन्महिने समुद्रावर असत. साधा पाव चार दिवसांत बुरसतो. म्हणून पाव भाजायचा आणि मग पुन्हा भाजायचा, त्यातलं पाणी पार उडेपर्यंत. असा पाव दगडासारखा कडक होई, पण टिके.

मग आता मला सांग, दुकानातलं हे बिस्किट दोनदा भाजतात का? नाही, एकदाच! तर मग दोनदा काय भाजतात? बेकरीतला टोस्ट! चहात बुडवून खातोस ना, तो. आधी पाव भाजतात, मग त्याचे काप करून पुन्हा भाजतात. म्हणजे खरंखुरं बिस्किट कोण? टोस्ट!

अजून संपलं नाही. बिस आणि कोक्तुस हे शब्द जरा मोठ्यानं म्हण. आता संस्कृतातले दोन शब्द म्हण. द्विस् आणि पक्व. द्विस् म्हणजे दोनदा. पक्व म्हणजे शिजलेलं, पिकलेलं. बिस आणि द्विस् यांचं मूळ एकच! कोक्तुस आणि पक्व यांचंही मूळ एकच! लॅटिनमध्ये सुरुवातीच्या प चा क झाला, एवढंच. ज्या पच् धातूपासून आपला पक्का आला, पिकणं आलं, स्वयंपाकातला पाक आला, त्याच घराण्यातलं हे बिस्किट!

आता तू विचारशील, थांबा थांबा! वांग्याचं समजलं. ते व्यापाऱ्यांनी नेलं, नाव सोबत गेलं. पण लॅटिन शब्द आणि संस्कृत शब्द भावंडं कशी? रोमच्या लोकांनी आपल्याकडून पक्व हा शब्द नेला का?

शाब्बास! हाच प्रश्न विचारायला हवा. आणि याचं उत्तर आपल्याला त्या लपलेल्या नातेवाइकांकडे घेऊन जातं.

ब्रदर हा शब्द काढ. ब्रदर म्हणजे भाऊ, हे तुला पहिलीपासून माहीत आहे. आता संस्कृतात भावाला काय म्हणतात? भ्रातृ. म्हण. भ्रातर, ब्रदर. पुन्हा म्हण. भ्रातर, ब्रदर!

ऐकू आलं?

भ्रातृवरून आपला भाऊ आला. तू जळगावला मित्राला काय भो म्हणून हाक मारतोस, तिथला भो. धुळ्याकडे अहिराणीत कसा शेस भाऊ म्हणतात, तिथला भाऊ. त्याचाच लांबचा भाऊ म्हणजे इंग्रजीतला ब्रदर. इराणमध्ये बिरादर, त्यावरून आपल्याकडे बिरादरी आली. जर्मनीत ब्रूडर. रशियात ब्रात. सगळे एकमेकांचे भाऊ! भाऊ या शब्दाला किती भाऊ आहेत बघ!

हे कोणाच्या लक्षात आलं असेल? विल्यम जोन्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश कोलकात्यात होते. त्यांना आधीच ग्रीक आणि लॅटिन येत होतं. इथे येऊन ते संस्कृत शिकू लागले आणि चकितच झाले. हे शब्द तर ओळखीचे वाटतात! २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीत त्यांनी भाषण केलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं असूच शकत नाही, त्यांची कुणीतरी एकच पूर्वज भाषा असली पाहिजे आणि ती आता बहुधा उरलेली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणजे रोमनं आपल्याकडून शब्द नेला नाही. आपणही रोमकडून आणला नाही. दोघांनाही तो एकाच आजीकडून मिळाला! हजारो वर्षांपूर्वीच्या, लिहून न ठेवलेल्या एका भाषेकडून. ती बोलणारी माणसं पांगली, दूर गेली आणि त्यांची बोली जागोजागी बदलत गेली.

बदलली, पण कशीही नाही. नियमानं बदलली! आणि हा नियम नीट मांडून दाखवणारा माणूस तुझ्या ओळखीचा आहे. ओळख कोण? हिमगौरी आणि सात बुटके तू ऐकलंस. लांडगा आणि लाल टोपीवाली मुलगीही ऐकलीस. या लोककथा गोळा करून ज्यांनी १८१२ मध्ये पुस्तक काढलं, ते जर्मनीतले ग्रिम बंधू! त्यातले थोरले याकोब ग्रिम. दिवसा शब्द, रात्री गोष्टी असं त्यांचं आयुष्य असावं, अशी मी आपली कल्पना करते. १८२२ मध्ये त्यांनी दाखवलं, की जर्मन, इंग्रजी अशा भाषांमध्ये जुने आवाज ठरावीक पद्धतीनं बदललेत. आपल्यासाठी त्यातली एक ओळ पुरे. जिथे संस्कृतात भ, तिथे इंग्रजीत ब!

आता या नियमाची किल्ली घे आणि बीच्या पानावरची कुलपं उघड.

तुझ्या डोळ्यांवर काय आहे? भुवई. संस्कृतात भ्रू. इंग्रजीत ब्राउ! आयब्राउमधला ब्राउ. हात लावून बघ, तुझ्या कपाळावर दोन नातेवाईक बसलेत!

कडब्याचा भारा डोक्यावर घेतलेला पाहिलास? भारा, भार हे आले भृ या धातूपासून, त्याचा अर्थ वाहून नेणं. इंग्रजीत वाहून नेणं म्हणजे बेअर. त्याच घरातला बर्डन म्हणजे ओझं. बॅरो म्हणजे हातगाडी. आणि आई ज्याला नऊ महिने पोटात वाहते ते बाळ जन्मलं, की ते बॉर्न! बर्डन आणि बॉर्न एका घरचे आहेत, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते आईला फोन करून सांगितलं होतं.

भूर्जपत्र ऐकलंयस? जुन्या काळी ज्या झाडाच्या सालीवर लिहीत, ते भूर्ज. इंग्रजीत त्या झाडाला म्हणतात बर्च. हिमालयातही ते झाड आहे आणि युरोपातही. झाड तेच, नावही तेच!

संस्कृतात भू म्हणजे असणं, होणं. इंग्रजीत? बी! टू बी मधला बी. इंग्रजीतल्या सगळ्यात चिमुकल्या शब्दांपैकी एक, आणि तोही आपलाच!

कधी कधी संस्कृतात भ ऐवजी नुसता ब दिसतो, पण नातं तेच. बांधणं आणि बाइंड! यांचं खानदान मात्र इतकं मोठं आहे, की त्यासाठी धुळ्याला जायला हवं.

धुळ्याजवळून पांझरा नदी वाहते. तिच्यावर शेकडो वर्षांपासून दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यानं पाणी अडवायचं, पाटानं शेतात न्यायचं. शेतांचे मोठे मोठे फड पाडलेले असतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाटकरी ठरल्या पाळीनं पाणी सोडणार. भांडण नाही, तंटा नाही. कोणत्याही सरकारी खात्याआधी शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेली ही फड पद्धत! मला तर तिचा फार अभिमान वाटतो.

तर बंधारा. बांधलेला तो बंधारा. शेताच्या कडेला असतो तो बांध. इराणी भाषेतही बंद म्हणजे बांध. इंग्रजांनी हा शब्द भारतात ऐकला आणि बंड असा उचलला. पुढे इंग्रज व्यापारी चीनमध्ये गेले. शांघाय शहरात नदीकाठी धक्का होता, त्यालाही ते बंड म्हणू लागले. आज शांघायचा सगळ्यात प्रसिद्ध नदीकाठ म्हणजे द बंड. उंच उंच इमारती, रोषणाई, जगभरातून येणारे पर्यटक. आणि नाव? पांझरेच्या बंधाऱ्याच्या भावकीतलं!

गुजरात-राजस्थानात कापडाला गाठी बांधून रंगवतात, ती बांधणी. तसला ठिपक्यांचा रुमाल इंग्रजांना आवडला. त्याचं नाव झालं बँडाना. जखमेला बांधतात ते बँडेज. काड्या एकत्र बांधल्या की बंडल. बाइंड, बाँड, बँडेज, बंडल, बँडाना, बंड! काही शब्द युरोपातूनच आले, काही आपल्याकडून गेले, आणि शब्दकोशाच्या पानावर पुन्हा शेजारी शेजारी येऊन बसले.

बँगल मात्र सरळसाधी आहे. बांगडी, हिंदीत बंगडी, झालं बँगल. बंगलो म्हणजे बंगाली धाटणीचं घर. वडाला बनियन ट्री म्हणतात, कारण इराणच्या आखाताजवळ एका मोठ्या झाडाखाली आपल्याकडचे वाणी, म्हणजे बनिये, जमायचे. युरोपातल्या प्रवाशांनी त्याला बनियांचं झाड म्हटलं. आणि बँडिकूट? तो तेलुगू आहे. पंदिकोक्कु, म्हणजे डुक्कर-उंदीर! आपल्या अंगणात बिळं पाडणारी घूस रे!

पण दोस्ता, आता सावध. किल्ली हातात आली म्हणून दिसेल त्या कुलपात घालायची नाही.

बदमाश हा शब्द घे. बदनाम घे. यात बद म्हणजे वाईट. आणि इंग्रजीत बॅड म्हणजे वाईट. आवाज तोच, अर्थ तोच, सुरुवातीचं अक्षरही तेच! यांचं नातं असणारच, हो ना?

मुळीच नाही! बद आला इराणी भाषेतून. बॅड इंग्रजीत वेगळ्याच वाटेनं आला. मागे मागे जात दोघांची जुनी रूपं तपासली की वाटा एकत्र येतच नाहीत. हा निव्वळ योगायोग!

काय विचित्र ना? वांगं आणि ऑबर्जीन यांच्यात काहीच सारखं दिसत नाही, तरी नातं आहे. बद आणि बॅड जुळ्यांसारखे दिसतात, तरी नातं नाही! म्हणूनच शब्दांचं मूळ शोधणाऱ्याला नुसत्या दिसण्यावर जाता येत नाही. प्रत्येक पायरी दाखवावी लागते. कोणत्या काळी, कोणत्या पोथीत, कोणत्या रूपात?

असं काम करणारा एक मोठा माणूस धुळ्यात राहिला होता. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे! गावोगाव हिंडून, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून, पेटाऱ्यांतून कागद गोळा करायचे. त्यातून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड त्यांनी छापले. आणि तितक्याच वेडानं शब्द गोळा करायचे. मराठीतल्या क्रियापदांची मुळं शोधत त्यांनी धातुकोश रचला. त्यांनी लावलेली सगळी मुळं पुढच्या अभ्यासकांना पटली नाहीत. पण एवढा ढीग एकट्यानं उपसणं म्हणजे काय! १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच ते गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. सहल काढायची असेल तर बाईंना सांग!

आता मला अर्थ बाजूला ठेवून फक्त त्या अक्षराकडे बघायचंय. बी. हे असं दोन पोटांचं का?

कारण ते एकेकाळी घर होतं! तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या काठचे लोक या अक्षराला बेथ म्हणत. बेथ म्हणजे घर. त्याआधी तर ते घराचं चित्रच होतं. बेथलेहेम हे गावाचं नाव ऐकलंस? त्यातला बेथ तोच. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर! बेथवरून ग्रीकांचं बीटा झालं, आणि अल्फा-बीटा मिळून अल्फाबेट.

आणि आपल्या देवनागरीची पणजी म्हणजे ब्राह्मी लिपी. सम्राट अशोकानं कोरून घेतलेल्या लेखांमध्ये आहे ती. जळगावहून जवळच असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतही ब्राह्मीतले लेख आहेत. त्या ब्राह्मीत ब कसा काढत, माहीत आहे? एक चौकोन! बस्स! पाटीवर चौकोन काढ, आणि मित्राला सांग, मी ब काढलाय. तो वेडा म्हणेल. म्हणू दे!

आता आरशासमोर उभा राहा. ओठ एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. आणि म्हण, बाबा.

येतंय? नाहीच येणार! ब, प, म हे ओठांचे आवाज. ओठ मिटल्याशिवाय ते निघतच नाहीत. रामदास पाध्ये अर्धवटरावाला बोलकं करतात ना, तेव्हा त्यांचे ओठ हलताना दिसत नाहीत. शब्दभ्रमकारांसाठी हेच आवाज सगळ्यात अवघड. याच ओठांच्या आवाजांवर मात्र तान्ही बाळं लवकर हात मारतात. बा-बा-बा, मा-मा-मा! म्हणून तर जगभर बाबा, पापा, मामा आणि बेबी!

चल, बीचं पान मिटव. आता एफ काढ. तिथली किल्ली वेगळी आहे. इंग्रजीत जिथे फ, तिथे संस्कृतात प. फादर? पितर! फूट? पाद! फाइव्ह? पंच! फुल म्हणजे भरलेलं, तर पूर्ण! फेदर म्हणजे पीस, तर पत्र!

आणि फ्रेंड? फ च्या जागी प ठेव. फ्रे, प्रे, प्री... हो, तोच! प्रिय आणि प्रीती ज्या मुळातून आले, त्याच मुळातून आला फ्रेंड!